मुखवट्याआडच्या कुमारी माता : अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सचा एक मागोवा

किशोरवयीन मुलीचे गर्भारपण हा विषय अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सने कित्येक दशके जवळजवळ टाळला, आणि त्याचे पहिले कारण प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेल्या बंधनात सापडते. कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी ओरड सिनेटच्या उपसमितीपर्यंत पोहोचल्यावर १९५४ साली 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता लागू झाली, जिच्यानुसार विवाहबाह्य संबंध दाखवणे तर दूरच, ते सूचित करणेही वर्ज्य होते. १९७१ साली ही संहिता सैल झाली आणि त्याच वर्षी ग्रीन ॲरो या नायकाचा तरुण साथीदार स्पीडी हेरॉइनच्या आहारी गेलेला वाचकांनी पाहिला. तरीही व्यसनी मुलगा ज्या पानांवर आला त्या पानांवर गरोदर मुलगी यायला आणखी वीसेक वर्षे लागली, यावरून केवळ संहिता हाच अडसर नव्हता हे उघड होते.

दुसरा अडसर काळाचा होता. या मालिकांमध्ये नायकांचे वय जवळपास गोठलेले असते, म्हणजे दरमहा नवा अंक निघतो, दशके उलटतात, पण पात्रे फारशी मोठी होत नाहीत. मूल जन्माला आले की मात्र ते वाढले पाहिजे आणि त्याच्याबरोबर आईबापांचेही वय वाढले पाहिजे. 'फँटास्टिक फोर'मध्ये १९६८ साली जन्मलेला, नायक दांपत्याचा मुलगा फ्रँकलिन पुढची अनेक दशके लहान मुलगाच राहिला, एवढ्यावरून ही अडचण ध्यानात येते. विवाहित जोडप्याच्या मुलाची ही गत, तर शाळकरी नायिकेच्या पदरी मूल देणे म्हणजे तिच्या शाळकरी असण्यावरच पाणी सोडणे होते, आणि तेच तर तिचे विक्रीमूल्य होते.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय १९९३ साली सुरू झालेल्या माइलस्टोन या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी स्थापलेल्या संस्थेला द्यावे लागते. अमेरिकेत १५ ते १९ वयोगटातील मुलींच्या बाळंतपणाचे प्रमाण १९९१ साली हजारी सुमारे ६२ पर्यंत चढले होते, आणि १९९२ साली उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी दूरचित्रवाणीवरील मर्फी ब्राउन या अविवाहित माता झालेल्या पात्रावर जाहीर टीका केल्याने कुमारी मातृत्व हा निवडणुकीच्या राजकारणाचा विषय बनला होता. अशा वातावरणात लेखक ड्वेन मॅकडफी आणि चित्रकार एम. डी. ब्राइट यांनी 'आयकॉन' ही मालिका आणली. तिच्यातील ऑगस्टस फ्रीमन ऊर्फ आयकॉन हा परग्रहावरून आलेला, १८३९ पासून पृथ्वीवर कृष्णवर्णीय माणसाच्या रूपात राहणारा, श्रीमंत आणि सनातनी विचारांचा वकील. आणि त्याच्याच बंगल्यात मित्रांबरोबर चोरी करायला शिरलेली, टोनी मॉरिसनसारखी लेखिका होण्याचे स्वप्न पाहणारी गरीब वस्तीतली रकेल अर्विन ही पंधरा वर्षांची मुलगी. अंगी एवढे सामर्थ्य असून लपून का राहता, हा सवाल तीच त्याला करते आणि त्याला नायक व्हायला भाग पाडते. गतिज ऊर्जा वळवणारा पट्टा मिळाल्यावर ती स्वतः 'रॉकेट' या नावाने त्याची साथीदार होते.

रकेलला दिवस जातात तेव्हा कथा तिला शिक्षा करत नाही की तिचे उदात्तीकरणही करत नाही. गर्भपाताचा पर्याय ती उघडपणे विचारात घेते, निर्णय स्वतः घेते, काही काळ मुखवटा उतरवून ठेवते आणि आमिस्टॅड या मुलाला जन्म देऊन पुन्हा कामावर येते. या कथानकाचे मोल समजण्यासाठी निवेदन कोणाचे, हे पाहावे लागते. शीर्षक आयकॉनचे असले तरी कथा सांगते रकेलच, त्यामुळे वाचक तिच्याकडे बाहेरून न्यायाधीशासारखा पाहू शकत नाही. शिवाय माइलस्टोनचे विश्व स्वतंत्र आणि नवे होते, वय गोठवून जपावे असे जुने पात्र तिथे नव्हते, म्हणून मूल वाढू देण्याचे धैर्य त्या संस्थेला परवडले.

डीसी या प्रकाशनसंस्थेच्या मुख्य प्रवाहातील 'रॉबिन' मालिकेने १९९८-९९ मध्ये हाच विषय घेतला, तेव्हा नेमकी ही दोन बळे तिच्यापाशी नव्हती. लेखक चक डिक्सन यांनी स्वतःच घडवलेल्या स्टेफनी ब्राउनला, म्हणजे एका गुन्हेगाराच्या, 'स्पॉयलर' या नावाने वावरणाऱ्या मुलीला, सोडून गेलेल्या पूर्वीच्या प्रियकरापासून गर्भ राहतो, आणि मूल आपले नसतानाही टिम ड्रेक ऊर्फ रॉबिन वेषांतर करून तिच्याबरोबर प्रसूतिपूर्व वर्गांना जातो. हा भाग हृद्य आहे, आणि एखादा मुलगा अशा वेळी कसा वागू शकतो याचे ते लोकप्रिय कॉमिक्समधले दुर्मीळ चित्र आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण निवेदन मुख्यतः टिमचे असल्याने स्टेफनीचे गर्भारपण ही त्याच्या चांगुलपणाची परीक्षा ठरते. मूल ठेवायचे की दत्तक द्यायचे एवढ्याच पेचात कथा फिरते, बाळ दत्तक दिले जाते, ते मुलगा की मुलगी हेही स्टेफनीला कळत नाही, आणि पुढच्या वर्षांत त्या अनुभवाचा उल्लेख क्वचितच होतो. दत्तकविधानाने इथे काळाचा प्रश्न सोडवला, आईचा नव्हे. २०११ साली डीसीने आपले सारे विश्व नव्याने मांडले आणि २०१४ मध्ये स्टेफनी परतली तेव्हा तिच्या नव्या पूर्वकथेत या बाळंतपणाला जागा उरली नव्हती.

मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या 'न्यू एक्स-मेन'मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी २००३ च्या सुमारास एंजल साल्वादोर या कीटकासारखे पंख असलेल्या किशोरीला अंडी घालून एकदम अनेक पिल्लांची आई केले. विषय अद्भुताच्या पडद्याआड गेला, तरी ती आणि तिचा साथीदार बीक मुलांना टाकून देत नाहीत, ही त्या कथेची जमेची बाजू.

रकेलच्या कथेलाही पुढे सौम्य रूप देण्यात आले. 'यंग जस्टिस' या ॲनिमेशन मालिकेत २०१२ साली रॉकेट आली, नंतरच्या पर्वात आधी तिचे लग्न ठरले, आणि आमिस्टॅड पडद्यावर आला तो प्रौढ, प्रस्थापित नायिकेचा मुलगा म्हणून. त्या मालिकेने त्याला स्वमग्न मूल म्हणून जिव्हाळ्याने रंगवले. मात्र पंधराव्या वर्षी निर्णय घेणारी रकेल तिने वगळली, आणि नव्वदच्या दशकात ज्या वाचक मुलींना तिच्यात आपली परिस्थिती दिसली असेल त्यांच्या धाकट्या बहिणींना ती भेटायची तर जुन्या अंकांतच शोधावी लागते.