शेराचे अमेरिकन भावंड

गावाकडे कुंपणाला शेर लावलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. "हात लावू नकोस, चीक डोळ्यात जाईल!" ही ताकीदही ऐकली असेल. त्याच शेराचे एक भावंड अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात रानोमाळ उगवते. त्याचे नाव फ्लॉवरिंग स्पर्ज. लिनिअसने १७५३ साली त्याला युफोर्बिया कोरोलाटा हे शास्त्रीय नाव दिले. नाताळात घरोघरी दिसणारी पॉइन्सेटिया, म्हणजे आपली लालपत्ती, हीसुद्धा याच कुळातली.

झाड दोन-तीन फूट उंच होते. जूनपासून ऑगस्टपर्यंत ते इवल्याशा पांढऱ्या फुलांनी भरून जाते. गंमत म्हणजे त्या पाच पांढऱ्या पाकळ्या खऱ्या पाकळ्याच नव्हेत! खरी फुले अगदी बारीक, मधोमध दडलेली असतात. थंडी सुरू झाली की पाने लालसर होतात.

बागेत याला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन द्यावी, रेताड असली तरी चालते. मूळ खोल जाते, त्यामुळे एकदा रुजले की पाण्याची फारशी कटकट नाही. चिकामुळे हरणेही सहसा तोंड लावत नाहीत. मात्र रानातून उपटून आणू नये. मूळ तुटून झाड बहुधा मरते, शिवाय 'प्रेअरी स्टेट' म्हणवणाऱ्या इलिनॉयमध्ये मूळ गवताळ रानापैकी एक टक्काही उरलेले नाही. देशी झाडांच्या नर्सरीतून लहान रोप घ्यावे, नाहीतर शरदात बी पेरावे. हिवाळ्याची थंडी मिळाली की ते वसंतात रुजते.

आता चिकाविषयी. कातडीवर लागला तर आग होते, पुरळ उठते. डोळ्यात गेला तर जास्त धोका. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. छाटताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत. घरात रांगते मूल असेल तर हे झाड अंगणाच्या कडेलाच बरे. फुलदाणीत ठेवायचे असेल तर कापलेले टोक क्षणभर ज्योतीवर धरावे, म्हणजे चीक थांबतो.

आपल्या मुलांना हिरवळ कापायचे मशीन चालवता येते, पण ज्या मातीत ती वाढताहेत तिथली चार झाडे नावाने सांगता येत नाहीत. या एका झाडापासून सुरुवात करायला हरकत नाही. आणि हो, आजीची ती ताकीदही मुलांना अवश्य द्या!