फुलकिड्याची बदनामी

डहाणू-घोलवडच्या चिकूला ती गोडी कशामुळे येते, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: माती आणि समुद्राची हवा. घोलवडच्या मातीतल्या कॅल्शियमचा दाखला पुढे ठेवूनच 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या या झाडाची भारतातली पहिली लागवड 1898 साली घोलवडलाच झाली, असे फळबागायतीची पुस्तके सांगतात. म्हणजे सव्वाशे वर्षांचा अनुभव या मातीच्या बाजूने उभा आहे आणि तो खोटा म्हणण्याचे काही कारण नाही. पण माती दरवर्षी तीच असते, फळ मात्र तसेच उतरत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या दोन वाड्यांतसुद्धा एकीचे फळ भरदार आणि दुसरीचे बारीक, डागाळलेले निघू शकते. तेव्हा फरक करणारी गोष्ट मातीखेरीज दुसरी असली पाहिजे. माझ्या मते ती झाडाच्या पोटात पोचणाऱ्या उजेडात आणि फूल उमललेले असते त्या थोड्या दिवसांत शोधायला हवी.

परागीभवनाचा फळाच्या दर्जाशी संबंध किती थेट असतो, हे किवीच्या फळात स्पष्ट दिसते. किवी आपल्या पालघर जिल्ह्यात होणार नाही. तिला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते, म्हणून आपल्याकडे ती हिमाचल आणि अरुणाचलात पिकते. तिचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. चांगल्या मोठ्या फळात हजाराच्या आसपास काळ्या बिया असतात आणि त्यातली प्रत्येक बी म्हणजे मुक्कामी पोचलेला एक परागकण. वाढत्या बिया जी संप्रेरके तयार करतात त्यांवर गर पोसतो, त्यामुळे बिया कमी पडल्या की फळ लहान राहते किंवा एका अंगाने दबते. शिवाय किवीच्या फुलात मध नाही, मधमाशी तिथे फारशी रमत नाही. म्हणून न्यूझीलंडचे बागायतदार फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या आणून वेलींमध्ये ठेवतात आणि तो खर्च खताइतकाच आवश्यक धरतात.

चिकूचे फूल इतके साधे, फिकट आणि लहान की त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. ते घंटेसारखे असते. परागकोश घंटेच्या आत दडलेले आणि स्त्रीकेसराचा दांडा मात्र पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारा. म्हणजे आतले पराग आपोआप बाहेरच्या टोकावर पडतील, अशी ही रचना नाही. कोणीतरी ने-आण करावी लागते. ती कोण करतो? भारतात झालेल्या अभ्यासांत त्याचे उत्तर मिळाले ते फुलकिडे. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा हा कीटक फुलात आसरा घेतो, पराग खातो आणि अंगाला लागलेले पराग घेऊन पुढच्या फुलात जातो. अडचण नावाची आहे. फुलकिडे हा शब्द आपल्या शेतकऱ्याने मिरचीच्या आणि कांद्याच्या शेतात ऐकलेला असतो, तिथे तो पक्का शत्रू आहे. त्यामुळे फुलात तो दिसला की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. मिरचीतला चोर चिकूत दाई असतो, हे वाडीत काम करणाऱ्या माणसाला सांगितले जायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आपली कालीपत्ती जात शेजारी दुसरी जात नसतानाही फळते. खरे आहे. क्रिकेट बॉल ही मोठ्या फळाची जात एकटीच लावली तर कमी धरते आणि तिला परक्या परागाची गरज लागते; कालीपत्तीला तशी अडचण नाही. पण स्वतःचा पराग चालतो म्हणजे तो आपोआप पोचतो असे नव्हे. दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा: चिकूत बिया कमी असलेल्याच बऱ्या. तेही मान्य, चिकूला किवीसारख्या हजार बिया नकोतच. बीजकोशात दहा-बारा कप्पे असतात, त्यांतल्या दोन-तीन बियांवरही फळ चांगले पोसते. प्रश्न मोहोर भरपूर येऊनही फळे कमी का धरतात, हा आहे. फूल ते तोडणी हा प्रवास सात ते दहा महिन्यांचा. सुरुवातीलाच जे हुकले ते पुढे कोणत्याही खताने भरून निघत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो बागायतदाराच्या तोंडून येतो. कळी पोखरणारी अळी आहे, 2000 च्या सुमारास डहाणू भागात आलेली बी पोखरणारी अळी आहे, पावसाळ्यात फायटोप्थोरा बुरशीने फळे गळून सडा पडतो. फवारायचे नाही तर करायचे काय? या नुकसानीला किरकोळ म्हणणे अन्यायाचे होईल. बी पोखरणारी अळी तर कोवळ्या फळात शिरते आणि बाहेर पडते तेव्हाच भोक दिसते, तोवर फळ पेटीत गेलेले असते. पण या रोगकिडींना वाडीत आसरा कोण देतो, हेही पाहावे लागते. चिकूची झाडे दहा-दहा मीटरवर, हेक्टरी शंभर लावतात. तीस-चाळीस वर्षांत फांद्या एकमेकींत घुसतात, खाली दुपारीही सावली आणि ओल राहते. बुरशीला तेच हवे. चिकूचा मोहोर फांद्यांच्या शेंड्यांवर येतो, म्हणून अंधारलेल्या पोटातल्या फांद्या नुसत्या खातात, देत नाहीत. आणि इतक्या उंच, दाट झाडावर औषध नेमके अळीपर्यंत पोचतही नाही; बाहेरच्या शेंड्यांवर, म्हणजे उमललेल्या फुलांवरच ते सर्वांत जास्त बसते. म्हणून आधी मध्य मोकळा करणे, घुसलेल्या फांद्या काढणे, गळलेली फळे आणि पालापाचोळा उचलून नष्ट करणे, बुरशीसाठी पावसाआधी बोर्डो मिश्रण, आणि कीटकनाशक लागलेच तर भर फुलोरा टाळून, असा क्रम मला योग्य वाटतो. छाटणीनंतर एक-दोन वर्षे उत्पन्न घटते, मजुरी पडते, आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या शेजारी झाडावर चढणारा तयार माणूस मिळवणे सोपे नाही. ही अडचण खरी आहे. म्हणूनच सगळी वाडी एकदम न छाटता दरवर्षी चौथा-पाचवा हिस्सा घेणे परवडते.

प्रदूषणाचे काय, हा प्रश्न या किनाऱ्यावर टाळता येत नाही. 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरण रक्षणासाठी प्राधिकरण बसले. बागायतदारांच्या तक्रारी त्यामागे होत्या आणि त्या लढ्यामुळे हा हिरवा पट्टा टिकला, याबद्दल मला शंका नाही. हवेवरची राखण सुटता कामा नये. मात्र प्रत्येक रिकाम्या फांदीचा दोष धुराकडे गेला, तर आपल्याच पंपातून फुलावर पडणारे औषध हिशेबाबाहेर राहते.

कीटक फुलापर्यंत पोचले नाहीत तर फळ कमी धरते का, हे पडताळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पालघरचे कृषी संशोधन केंद्र आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहेत, पण त्यांच्या मदतीशिवायही हे करता येईल. एका झाडावर न उमललेल्या कळ्यांचे दहा शेंडे अगदी दाट विणीच्या पातळ कापडी पिशव्यांत बांधावेत, शेजारचे दहा तसेच उघडे ठेवावेत, त्या झाडावर फवारणी करू नये. फुलोरा सरला की पिशव्या सोडाव्यात, आणि दीड महिन्याने दोन्हीकडची धरलेली फळे मोजावीत.