अंगाभोवतीचं जाळं

घरात तासन्‌तास झकास वाजणारे इअरबड्स मोकळ्या मैदानावर मात्र अडखळतात. शिवाजी पार्कला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांकडून ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. ऐकताना ती उलटी वाटते. घरात वायफाय, टीव्ही, शेजाऱ्यांचा राउटर अशी गर्दी असते आणि मैदानात गुलमोहरापलीकडे आडवं येणारं काही नसतं. मग आवाज तुटायचा तो घरात तुटायला हवा.

फोन, मनगटावरचं घड्याळ आणि कानातले इअरबड्स यांचं मिळून जे छोटं जाळं होतं, त्याला पर्सनल एरिया नेटवर्क म्हणतात. त्याला राउटर लागत नाही, कारण इथला कारभारी फोनच असतो. ब्लूटूथच्या मूळ नियमानुसार एका कारभाऱ्याच्या हाताखाली एका वेळी जास्तीत जास्त सात उपकरणं कामावर राहतात. कोणी कधी बोलायचं हे कारभारी ठरवतो आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत गप्प बसतात.

हे बोलणं चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. भारतात २००५पासून कमी ताकदीच्या उपकरणांना इथे परवाना लागत नाही. त्यामुळे वायफाय, बिनतारी माउस, गळका मायक्रोवेव्ह असे सगळेच इथे घुसलेले असतात. या गोंगाटावर ब्लूटूथने काढलेला तोडगा मला अजूनही चकित करतो. पट्ट्याचे ७९ तुकडे करायचे आणि सेकंदाला १६०० वेळा एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. एका तुकड्यावर मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. उड्यांचा क्रम फोनच्या ब्लूटूथ पत्त्यावरून आणि त्याच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यांवरून ठरतो, म्हणून जोडलेल्या उपकरणाला पुढची उडी आधीच ठाऊक असते. २००३च्या सुधारणेपासून वायफायने व्यापलेले तुकडे वगळून उड्या मारायचीही सोय झाली. कट्ट्यावर एकाला एक लागून बसलेल्या माणसांमध्ये एकाचे भीमसेन दुसऱ्याच्या शेअरबाजारात मिसळत नाहीत, त्यात या उड्यांचा मोठा वाटा आहे.

तेव्हा गर्दीचा बंदोबस्त झालेला आहे. मग आवाज तोडतो कोण?

ते पाहायला फार सामान लागत नाही. नॉर्डिक सेमिकंडक्टर या नॉर्वेतल्या कंपनीचं एक फुकट ॲप आहे, ते आसपासच्या ब्लूटूथ उपकरणांच्या सिग्नलची ताकद आकड्यात दाखवतं. फिटनेस बँड फोनपासून सोडवला की तो ‘मी इथे आहे’ अशी दवंडी पिटत सुटतो. या दवंडीसाठी तीन वाहिन्या राखून ठेवल्या आहेत: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफायच्या १, ६ आणि ११ या नेहमीच्या चॅनेलांपासून अंग चोरून त्या मुद्दाम बसवलेल्या आहेत. मैदानाच्या मधोमध उभं राहून फोन छातीसमोर धरला आणि बँडचा हातही पुढे ठेवला, की आकडा उणे पन्नाशीत राहतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल दणकट. आता तोच हात पाठीमागे न्यायचा. अंतर वाढलं असेल हातभर, पण आकडा उणे सत्तरीच्या खाली घसरतो. दहाने घट म्हणजे ताकद एक दशांश आणि विसाने घट म्हणजे शंभरावा हिस्सा, असा या मोजणीचा हिशेब आहे. अधेमधे भिंत नाही, झाड नाही. आड आलं ते आपलंच अंग.

माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि या लहरी पाण्यात जिरतात. घरात हाच खेळ केला तर घसरण बरीच कमी दिसते, कारण तिथे लहरी भिंतींवर, कपाटावर, छतावर आपटून वळसा घालून येतात. मैदानात जमिनीखेरीज परतवणारं कोणी नसतं. मागच्या खिशातल्या फोनला कानापर्यंत पोचायचं तर कंबर, पाठ आणि डोकं ओलांडावं लागतं.

गंमत म्हणजे पर्सनल एरिया नेटवर्क ही कल्पना मांडली गेली तेव्हा शरीर अडसर नव्हतं, ते तारेचं काम करत होतं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकलेल्या थॉमस झिमरमन यांनी १९९६मध्ये आयबीएमसाठी दाखवलेल्या प्रयोगात दोन माणसांनी हस्तांदोलन केलं की एकाचं व्हिजिटिंग कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात उतरत असे. अंगातून वाहणारा प्रवाह ॲम्पिअरच्या अब्जांशाएवढा आणि वेग सेकंदाला २४०० बिट्सचा. गाणी ऐकायला हा वेग अगदीच तोकडा. बाजाराने रेडिओ उचलला, त्याबरोबर पाण्याची अडचणही पदरात आली. माझ्या मते सौदा फायद्याचाच झाला, पण फुकटात झाला नाही.

दोन कानांमध्येही हीच अडचण आहे, तिथे मध्ये अख्खं डोकं असतं. बऱ्याच श्रवणयंत्रांत त्यावर उपाय म्हणून डावं-उजवं यंत्र एकमेकांशी चुंबकीय क्षेत्राने बोलतात. दहा मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारं हे क्षेत्र डोक्यातून सहज आरपार जातं, पण फार दूर पोचत नाही. दोन कानांना तेवढं पुरतं.

तेव्हा मैदानावर गाणं तुटायला लागलं तर लगेच इअरबड्सच्या नावाने खडे फोडू नका. फोन मागच्या खिशातून काढून शर्टाच्या खिशात किंवा दंडावरच्या पट्ट्यात ठेवा आणि एक फेरी मारा. तरीही तुटलं तर दुसऱ्या बाजूला ठेवून बघा, कारण काही जोड्यांमध्ये फोनशी बोलणारा कान एकच असतो आणि तो दुसऱ्याला पुढचा निरोप देतो. एवढं करून फरक पडला नाही, तरच बिल शोधायला घ्या.