सोऱ्या की कढई? छोट्या कारखान्याचं मॉडेल मांडताना

दिवाळीत फराळाचा डबा थेट दुबईला किंवा लंडनला तुमच्या दारात येतो. तो तयार होतो ते मात्र बऱ्याचदा तीन-चार बायका मिळून चालवत असलेलं छोटंसं युनिट असतं. ऑर्डरी वाढल्या की त्यांच्यापुढे प्रश्न येतो: हाताशी थोडेच पैसे आहेत, ते कशावर घालायचे? चुकीचं यंत्र घेतलं तर दिवाळी संपल्यावरही हप्ते फेडत बसायचे. अशा वेळी उत्पादनाचं मॉडेल उपयोगी पडतं. त्याला सॉफ्टवेअर लागतंच असं नाही; कागद, पेन्सिल आणि घड्याळ पुरतं.

समजा, एक युनिट फक्त चकली करतं. आधी टप्पे लिहा: पीठ मळणं, सोऱ्याने चकल्या पाडणं, तळणं, गार करणं, पॅकिंग. मग प्रत्येक टप्प्याचा वेग मोजा. समजा, तयार चकलीच्या हिशोबात तासाला मळणं १२ किलो, पाडणं ६, तळणं ४ आणि पॅकिंग १० किलो होतं. आठ तासांत माल किती निघेल? फार तर ३२ किलो. कारण सगळ्यात हळू टप्पा बाकीच्यांचा वेग ठरवतो. यालाच बॉटलनेक म्हणतात. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये 'द गोल' या कादंबरीतून हीच गोष्ट कारखानदारांच्या गळी उतरवली.

आता गंमत बघा. हात दुखतात ते सोऱ्यावर, म्हणून सगळ्यांना वाटतं, पाडायचं मशीन घेऊ. समजा, त्याने वेग ६ वरून १२ झाला. हात दुखायचे थांबतील, आणि तेही महत्त्वाचं आहेच. पण माल? तेवढाच, ३२ किलो. कच्च्या चकल्या मात्र कढईशेजारी वाळत पडतील. बरं, एकाच कढईत जास्त घाणा टाकावा, तर तेल थंड होतं आणि चकली तेल पिते.

त्याऐवजी दुसरी कढई आणि तळायला आणखी एक माणूस घेतला तर? तळण ८ किलोवर जाईल, पण माल तासाला ६ किलोच निघेल. कारण आता सोऱ्या अडवतो! मशीन घ्यायची वेळ खरं तर आत्ता आली.

राहिलं गार करणं. हा टप्पा माणसाचा वेळ खात नाही, जागा खातो. इथे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम लावा: सरासरी अडकलेला माल म्हणजे वेग गुणिले थांबण्याचा वेळ. चकली गार व्हायला दोन तास दिले, तर तासाला ४ किलोच्या वेगाने परातींत ८ किलो माल असतो. ६ च्या वेगाने १२. पराती ८ किलोच्याच असतील, तर घाईत गरम चकली पिशवीत जाईल, आत वाफ धरेल आणि तुमच्यापर्यंत पोचेल ती मऊ चकली. म्हणजे नव्या कढईसोबत परातीही घ्यायला हव्यात. हे आधी कागदावर दिसतं, तेव्हा ते स्वस्तात पडतं.

एक सावधगिरी: आकडे अंदाजाने भरू नका. मोजमाप एका दिवसाचं नको, आठवडाभराचं घ्या. गॅस संपतो, कुणी उशिरा येतं, पीठ कधी सैल होतं. आणि मोजण्याआधी कढईपाशी उभ्या असलेल्या काकूंना विचारा, "काम कुठे अडतं?" मॉडेलचा पहिला आराखडा बहुतेक वेळा त्यांच्याच डोक्यात असतो.