चाकांवरील घर आणि शौचकूपाची दुर्गंधी

मोटारीचें घर करून प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाला चूल, बिछाना आणि पिण्याचें पाणी यांची सोय करणें फारसें अवघड जात नाहीं. अडचण येते ती शौचाची. स्वयंपाकाची जागा आणि शौचकूप यांच्यामध्यें एक फळी काय ती असते. आणि दुर्गंधी सुटली कीं हात प्रथम फिनेल, कापूर किंवा अत्तर यांकडे जातो. हे उपाय नाकाची समजूत घालतात, एवढेंच.

दुर्गंधीचें खरें मूळ मळ आणि मूत्र एकत्र होण्यांत आहे. प्रौढ मनुष्याचें मूत्र दिवसाकाठीं एक ते दीड लिटर भरतें. मळ त्या मानानें थोडा. मूत्रांतील युरिया मुळांत निर्गंध असतो. परंतु मळांतील जंतूंशीं गांठ पडली कीं त्याचा अमोनिया होऊं लागतो, आणि तोच डोळ्यांना झोंबतो. शिवाय ढीग चिंब झाला म्हणजे त्यांत हवा शिरत नाहीं व हवेवांचून जगणारे जंतु सडक्या अंड्याच्या वासाचे वायु उत्पन्न करतात. पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी येथें सार्वजनिक शौचालयांना गॅसचें संयंत्र जोडण्यांत आलें. तेथें पाणी आणि हवाबंद टांकी हीं मुद्दाम हवीं असतात, कारण जळणाचा वायु मिळवावयाचा असतो. गाडींत नेमकें याच्या उलट साधावें लागतें.

मग उपाय कोणता? आसनाच्या पुढील भागीं मूत्रासाठीं निराळी पन्हळ आणि निराळें भांडें ठेवावें. निम्मे काम येथेंच होतें. त्यानंतर प्रत्येक वेळीं मळावर दोन-तीन मुठी कोरडें आच्छादन घालावें. अहिल्यानगर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसाचें वाळलेलें पाचट बारीक करून घेतलें तर लांकडाच्या भुशाची उणीव भासत नाहीं. राखही चालते, पण मूत्र खरोखर वेगळें होत असेल तरच. ओल्या ढिगावर राख टाकल्यास अमोनिया उलट अधिकच सुटतो. पेटींतून छताबाहेर एक नळी काढून तींत लहानसा विजेचा पंखा बसवावा आणि तोंडाशीं बारीक जाळी लावावी, म्हणजे माशांनाही अटकाव होतो.

पाथर्डी-पारनेरकडील कोरड्या हवेंत हें सर्व सहज जमतें. तीच गाडी पावसाळ्यांत अकोले तालुक्यांत, भंडारदरा-घाटघराकडे गेली कीं पाचट दमट होतें आणि दमट आच्छादनाचा उपयोग जवळजवळ शून्य. तें घट्ट झांकणाच्या डब्यांतच न्यावें.

गाडींत खत तयार होतें हा मात्र भ्रम आहे. एवढ्याशा पेटींत ढीग तापत नाहीं. मळ केवळ सुकतो, आणि रोगजंतु व जंतांचीं अंडीं त्यांत जिवंत राहतात. प्रवरेच्या कांठीं किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयाजवळ पेटी रिकामी करणें म्हणजे खालच्या गांवांच्या पिण्याच्या पाण्यांत रोग कालविणें होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें उष्ण हवामानांतही असा मळ वर्षाहून अधिक काळ सांठवून ठेवावा लागतो. तेव्हां भरलेली पेटी झांकण लावून घरीं आणावी, विहिरीपासून दूर खड्ड्यांत मातीखालीं मुरूं द्यावी, आणि पुढें तें खत फळझाडांच्या आळ्यांत घालावें, पालेभाजीच्या वाफ्यांत नव्हे. मूत्राचें भांडें मात्र रोजच्या रोज रिकामें करून धुवावें.