जळमट नव्हे, शिंजिराचं घरटं!

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. तरीही अंगणातल्या जास्वंदीवर एक चिमुकला पक्षी चिवचिवत फिरताना दिसतो. लांबून काळा वाटणारा हा पक्षी ऊन अंगावर पडताच निळा-जांभळा चमकतो. अनेक जण त्याला हमिंगबर्ड समजतात. पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. हा आपला जांभळा शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी.

त्याची लांबी जेमतेम १० सेंटिमीटर असते. चोच बाकदार आणि जीभ नळीसारखी, त्यामुळे फुलातला मध त्याला सहज शोषता येतो. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की तो तिथे हजर! मध पिताना डोक्याला चिकटलेले परागकण पुढच्या फुलावर पोहोचतात. आंब्यावरच्या बांडगुळाचं परागीभवनही तो करतो. मात्र फूल फार लांबट असेल, तर कधी कधी तो देठाजवळ भोक पाडून मध पळवतो. अशा वेळी फुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

चमकदार रंग असतो तो विणीच्या हंगामातल्या नराचा. मादी वरून तपकिरी, खालून फिकट पिवळी असते. हंगाम संपला की नरही बराचसा मादीसारखा दिसू लागतो. गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारा गडद पट्टा तेवढा उरतो. त्यामुळे पक्षी निघून गेला, असा समज होतो. प्रत्यक्षात तो तिथेच असतो.

घरटं मादी बांधते. सुकलेलं गवत, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं साहित्य ती कोळ्याच्या जाळ्यांनी गुंफते. लोंबत्या थैलीसारख्या या घरट्याला बाजूने दार असतं आणि दारावर छोटंसं छप्परही. बोरी-बाभळीच्या फांदीवर हा ‘कचरा’ शत्रूला चकवतो. तेच घरटं व्हरांड्यातल्या तारेला किंवा टांगलेल्या कुंडीला असेल, तर साफसफाईत त्यावर झाडू फिरतो.

मादी साधारण दोन अंडी घालते आणि एकटीच उबवते. पिल्लांना भरवायला नरही येतो. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत सुमारे महिना लागतो. तेवढे दिवस त्या कोपऱ्यात वावर कमी ठेवावा आणि घरट्याला हात लावू नये.

मोठे शिंजीर मधावर भागवतात. पिल्लांच्या वाढीला मात्र प्रथिनं लागतात. म्हणून आई-बाप त्यांना किडे, अळ्या, कोळी भरवतात. कुंडीतल्या रोपांवर कीटकनाशक फवारलं, तर पिल्लांचा घासच हिरावला जातो. साखरपाणी टांगून ही उणीव भरून निघत नाही, शिवाय उन्हाळ्यात ते लवकर आंबतं. त्यापेक्षा दारात जास्वंद लावावी आणि फवारणी टाळावी.

यंदा जळमटं काढताना लोंबती थैली दिसली, तर आधी तिला बाजूने दार आहे का, ते पाहावं. असेल, तर तेवढी जागा महिनाभर तशीच सोडावी.