घाटात सायकल का मोडते?

पुण्याहून राष्ट्रीय महामार्गाने बंगळुरूत शिरताना शहराच्या वायव्येस पीण्या औद्योगिक क्षेत्र लागते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वसलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविणारे असंख्य लघुउद्योग आहेत. वारंवार ताण पडून धातूला येणारा 'थकवा' हा अशा कारखान्यांचा नेहमीचा प्रश्न. सह्याद्रीच्या किंवा निलगिरीच्या घाटात एखादा सायकलस्वार अडकून पडतो, तेव्हा पुष्कळदा याच प्रश्नाने त्याला गाठलेले असते.

चाकाच्या तारांचे उदाहरण घ्यावे. चाकाच्या प्रत्येक फेरीत जमिनीलगतच्या तारेवरील ताण क्षणभर सैलावतो व पुन्हा वाढतो. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला, तर ६०० किलोमीटरच्या प्रवासात हे चक्र सुमारे २ लाख ८५ हजार वेळा घडते. तार बहुधा हबजवळच्या बाकावर तुटते आणि तीही मागील चाकाच्या साखळीकडील बाजूची, कारण चढावर पायडलचा जोर तेथेच एकवटतो. एक तार तुटली की शेजारच्या तारांवर भार येतो, चाकाला आऊट येतो आणि रिम ब्रेकला घासू लागते. तारा महाग असण्यापेक्षा त्या सारख्या ताणलेल्या असणे अधिक महत्त्वाचे.

उतारावर धोक्याचे स्वरूप बदलते. म्हैसूरहून उटीकडे जाताना मसिनगुडीनंतर लागणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६ हेअरपिन वळणे आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'टूर ऑफ निलगिरीज' या सायकल मोहिमेमुळे हा घाट सायकलस्वारांत प्रसिद्ध झाला. स्वार व सायकल मिळून ९० किलो वजन ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेत सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल. तिचा काही भाग हवेच्या विरोधात जातो; परंतु वळणांमुळे वेग रोखावा लागतो आणि उरलेली उष्णता ब्रेकमध्ये साठते. ब्रेक रिमवर दाबला जाणारा असेल तर रिम तापते, ट्यूबमधील हवेचा दाब वाढतो आणि प्रसंगी टायर फुटतो. म्हणून ब्रेक सतत दाबून न धरता वळणाआधी जोराने लावून सोडावा, असे अनुभवी स्वार सांगतात.

बिघाड झाल्यावर मदत कोणाची घ्यायची, हे प्रवासाच्या प्रकारावर ठरते. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. तेथे स्पर्धकाच्या मागे मदतनीसांचे वाहन असते. ब्रेव्हे प्रकारात मात्र नियंत्रण केंद्रे सोडून वाटेत स्वतःच्या पथकाची मदत घेता येत नाही. १९१३ च्या 'टूर द फ्रान्स' स्पर्धेचे नियम याहून कठोर होते. तूरमाले घाटात यूजीन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दहा किलोमीटरहून अधिक चालून त्यांनी लोहाराची भट्टी गाठली व चिमटा स्वतःच्या हाताने सांधला. तरीही एका मुलाने भाता ओढला म्हणून त्यांना वेळेचा दंड झाला!

आजच्या स्वाराची अडचण वेगळीच आहे. जुन्या काळ्या सायकलचा जवळजवळ प्रत्येक भाग गावातील दुकानात मिळे. गिअरच्या सायकलचे तसे नाही. मागील गिअर ज्या लहानशा पट्टीवर लटकतो, ती 'हँगर' पट्टी मुद्दाम मऊ धातूची करतात. आदळआपट झाल्यास ती वाकावी आणि सांगाडा वाचावा, हा हेतू. वाकलेल्या पट्टीमुळे गिअर तारांत अडकला, तर प्रवास तिथेच थांबतो. या पट्टीचे आकार शेकड्यांनी आहेत. २०१९ मध्ये 'स्रॅम' कंपनीने सर्वांना वापरता येईल असा एक समान आकार पुढे आणला. तथापि त्यापूर्वीच्या सायकलींना तो बसत नाही.

नमुना हाती दिला, तर अशी ॲल्युमिनियमची पट्टी कापून भोक पाडणे व आटे काढणे पीण्यातील एखाद्या लहान कारखान्याला अवघड नाही. पण कल्हट्टीपासून पीण्या अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे आपल्याच सायकलच्या आकाराची एक जादा पट्टी, दोन तारा व साखळीची जोडकडी पिशवीत घेऊनच घाटाला लागावे.